भिंतीला कान

फेरीतून उतरले तेव्हा खोका कोरडा होता, मी नव्हते.
दालकावेतलं हे दवाखान्याचं घर
बाहेरून आलेर्सेच्या लाकडी खवल्यांचं,
आतून गुळगुळीत, पांढरं, जिप्समने मढवलेलं,
किडक्या दाढेवर टोप चढवावा तसं.

भिंतीला कान असतात म्हणे.
मी भिंतीला कान लावते
आणि बोटाच्या पेराने ठोकत जाते.
ढब. ढब.
पुन्हा ढब.
मागून डॉक्टर ओयार्सो हसते,
"मीपण अशीच ठोकते, आरशाच्या दांड्याने.
फक्त तिथे कुणीतरी ओरडतं."
इथे कुणी ओरडत नाही, हीच पंचाईत.

खोक्यावर लिहिलंय, एकतीस किलो.
ते खरं नाही.
हात मिटलेला असतो तोवर एकतीस.
तो दोन मीटर लांब उघडला
की वरचा बोल्ट भिंतीतून उपसायला लागतो,
खालचा आत रुततो,
आणि भिंत हिशेब मागते लांबीचा.

ओसोर्नोत मी तो दिला नव्हता.
चार स्क्रू, नुसत्या जिप्सममध्ये, शुक्रवार, शेवटची बस.
सोमवारी यंत्राचं डोकं खुर्चीत पडलेलं,
जिथे माणूस मान टेकतो तिथे.
खुर्ची रिकामी होती.
रात्री मी अजून तिच्यावर कुणाकुणाला बसवते.

नकाशात दर चाळीस सेंटिमीटरला खांब.
भिंतीत मात्र ढब.

बाहेरच्या बाकावर गाल धरून बसलेला म्हातारा
दारात आला. रेमिहियो नावेल्केन, होड्या बांधणारा.
अर्ध्या तोंडाने बोलला,
"हे घर इथलं नाही, पोरी.
टेकडीवरून ओढत आणलं, बारा बैलजोड्या,
अख्खं गाव दोरांना. मी चौदाचा.
उतारावर हा कोपरा मोडला.
बापाने रातोरात दोन खांब घातले,
होडीच्या फासळ्या, घरात होत्या त्या.
सरळ शोधशील तर सापडायचे नाहीत."
आणि त्याने तळवा ठेवला.
"इथे. आणि खाली सरकत सरकत, इथे."

ठक.

त्याच बोटाखाली, त्याच भिंतीत,
ठक.

मग जिप्सम कापलं.
दोन तिरप्या फासळ्या, वर जवळ, खाली फाकलेल्या.
त्यांच्यावर आडवी जाड फळी, आरपार बोल्ट;
ड्रिलमधून लालसर भुसा आला
आणि साठ वर्षं कोंडलेला वास.
लेव्हलमधला बुडबुडा मध्यावर येईतो
कुणी काही बोललं नाही.

"पलीकडे कोण?"
"बेकरी. एर्मेलिंदा, पहाटेपासून कणीक मळते."
तिच्या पाठीच्या उंचीला शिशाचा पत्रा.
तिला हे कधी कळणार नाही,
आणि कळू नये इतकं ते नीट व्हायला हवं.

मेन स्विच बंद. कुलूप. किल्ली माझ्या खिशात.
हाताच्या कोपराला लाल पट्टा आहे,
डोकं बसेपर्यंत तो सोडायचा नाही.
आत स्प्रिंगा दाबून बसल्यात;
एकदा एका पोराचा जबडा त्यांनीच मोडला,
दाताच्याच दवाखान्यात, काय बोलावं.

शेवटी हात पूर्ण उघडून
टोकाला वाळूची पिशवी टांगली.
तासभर. खाली कुणी नाही.
आम्ही तिघं दारात माते पीत बसलो,
म्हातारा दुखऱ्या बाजूने नाही, दुसऱ्या बाजूने.
भिंतीवर मी पेन्सिलीने रेघ मारली होती.
पाटी रेघेवरच राहिली.

पहिला फोटो त्याचाच.
बटण लांब वायरीवर, दाराबाहेर;
बारीकशी टीं, आणि झालं.
पडद्यावर दाढ आली.
दोन मुळं, वर जवळ, खाली फाकलेली,
एकाला तडा.
"काढावी लागेल," डॉक्टर म्हणाली.
त्याने बराच वेळ पाहिलं.
"आणि बापाचे खांब? ते येतात का ह्यात?"

नाही, म्हटलं. ते मागे राहतात.

निघताना मी हात खोलीच्या मध्यावर आणला
आणि सोडला.
सोडला तिथेच थांबला.
खुर्ची खाली होती, रिकामी,
तरी मी दोनदा वळून पाहिलं.